पडणे आणि उतरणे

दिवाळीचा फराळ संपत येतो, डब्याच्या तळाशी चकलीचा चुरा आणि एखादा फुटका लाडू तेवढा उरतो, त्या सुमारास आमचा पोहण्याचा तलाव ओस पडू लागतो. नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला सुगंधी तेल चोळून घेऊन कढत पाण्याने न्हालेल्या माणसाला, आठ दिवसांनी त्याच वेळी उघड्यावरच्या गार पाण्यात उतरा म्हणून सांगणे हे तसे क्रूरपणाचेच आहे. मे महिन्यात याच तलावाचा पास मिळावा म्हणून ओळखी काढाव्या लागतात. पाण्यात माणसे इतकी, की हात मारायला जावे तो कुणाच्या तरी पाठीत बसतो आणि क्षमा मागायला तोंड उघडावे तर पाणी आत जाते. भाऊबीज झाली की ही सगळी मंडळी माळ्यावरचे स्वेटर उतरवायला लागतात, आणि मार्गशीर्षात सकाळी साडेसहाला आम्ही सातजण उरतो. दोन पेन्शनर, एक दंतवैद्य, एक बँकवाले, गुडघ्यासाठी पोहायला सांगितलेले एक किराणा दुकानदार, आमच्याच कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आणि मी.

व्यायामाच्या बाबतीत माझा अधिकार किती, हे या सदराच्या जुन्या वाचकांना सांगायला नको. सूर्यनमस्कार मी श्रावणात सुरू करतो आणि पितृपंधरवड्यात त्यांचे विसर्जन करतो. योगासनांपैकी शवासन तेवढे मला मानवले. पोहणे मात्र गेली कित्येक वर्षे टिकून आहे. पाण्यात हजेरीपत्रक नेता येत नाही आणि तपासायच्या उत्तरपत्रिका तर नाहीच नाहीत, हे त्याचे मुख्य कारण असावे.

हिवाळ्यात पोहणाऱ्याला लोक ठरलेले दोन प्रश्न विचारतात. “गार नाही का हो लागत?” आणि “सर्दी नाही का हो होत?” पहिल्याचे उत्तर ‘लागते’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर असे, की सर्दी विषाणूंनी होते. ती गार पाण्यातून येण्यापेक्षा शेजारी बसून शिंकणाऱ्याकडून येण्याचा संभव जास्त. (हे उत्तर आमच्या मातोश्रींना आजवर पटलेले नाही. त्यांच्या मते मला १९९४ साली झालेली सर्दीही पोहण्याचीच होती.) पण खरा धोका या दोन्ही प्रश्नांत नाही. तो पाण्यातल्या पहिल्या मिनिटात आहे आणि पाण्याबाहेर आल्यावरच्या अर्ध्या तासात आहे. आणि त्याविषयी सहसा कुणी विचारत नाही.

मला तो विषय यंदा नीट समजून घ्यावा लागला, याला कारण आमची कन्या. वय वर्षे अकरा. यंदा गणपती झाल्यावर जेवताना तिने जाहीर केले, “बाबा, या वर्षी मी थंडीतसुद्धा पोहायला येणार. तुमच्याबरोबर. रोज.”

सौभाग्यवतींनी आमटीचा डाव तसाच भांड्यात ठेवला. “अहो, काडीसारखी पोर ती! गारठून जाईल. आणि तुमच्या त्या हेडमास्तरांचं काय झालं, ते विसरलात वाटतं?”

मी विसरलो नव्हतो. आमच्या सातांपैकी दोन पेन्शनर म्हणून सांगितले, त्यांतले एक हे निवृत्त हेडमास्तर. वय सहासष्ट. आठव्या वर्षी कृष्णेत पोहायला शिकलेले, आणि आमच्या तलावावर दोन पिढ्यांच्या पोरांना हात मारायला शिकवलेले. गेल्या वर्षी ते दिवाळीच्या आधीच मुलाकडे बंगळूरला गेले आणि संक्रांतीला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे आले, पंचा खुंटीला लावला, काठावर उभे राहिले आणि ‘या, या’ म्हणून आमचे स्वागत स्वीकारत त्यांनी सूर मारला. सूर सुरेख होता. वर आले तेव्हा मात्र त्यांचे तोंड वासलेले होते आणि छाती भात्यासारखी हलत होती. हात पाण्यावर आपटत होते, पण त्यांना गती नव्हती. बुडणारा माणूस ‘वाचवा, वाचवा’ असे ओरडतो, ही समजूत सिनेमाने करून दिलेली आहे. ओरडायला श्वास लागतो. हेडमास्तर एक अक्षर बोलले नाहीत. काठ त्यांच्यापासून बारा फुटांवर होता आणि ते बारा फूट त्यांना जाता येईना. तलावावरचा जीवरक्षक तरुण, पण डोळा पाण्यावर ठेवणारा. त्याने लांब बांबू पुढे केला, हेडमास्तरांनी तो धरला, आणि पुढचे सगळे एका मिनिटात आटोपले. पायरीवर घोंगडीत बसल्यावर ते म्हणाले, “छे, छे, जरा ठसका लागला.” पण त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. छातीत पाणी गेले असण्याची शंका होती म्हणून दंतवैद्यांनी त्यांना इस्पितळात नेले, आणि तिथे एक दिवस ठेवून घेतले.

इतका कसलेला माणूस बारा फूट का पोहू शकला नाही, याचे उत्तर आमच्या पदार्थविज्ञानवाल्यांच्या वहीत होते. हे गृहस्थ शिडीला दोरी बांधून पाण्यात तापमापक सोडतात आणि रोजचा आकडा लिहून ठेवतात. आमचा तलाव विहिरीच्या पाण्यावर भरतो. विहिरीचे पाणी हिवाळ्यात ऊन लागते, हे खेड्यात वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. जमिनीच्या पोटात थंडीची बातमी उशिरा पोचते. पण तेच पाणी उघड्या तलावात आले, की रोज रात्री त्याची उष्णता थोडीथोडी आकाशात जाते. पहाटे पाण्यावर तरंगणारी ती वाफ पाहून नवखा माणूस म्हणतो, “वा, पाणी कोमट दिसतंय!” ती वाफ म्हणजे पाण्याच्या खिशातून जाणारा पैसा असतो. दिवसाचे ऊन तो पुरता भरून काढत नाही. वहीतल्या नोंदी सांगतात, की आमच्या तलावाचे पाणी ऑक्टोबरच्या मध्याला २७ अंश असते, डिसेंबरच्या मध्याला २१ आणि जानेवारीत १९. पोहण्याच्या शर्यतींसाठी आंतरराष्ट्रीय नियमाने पाणी २५ ते २८ अंश लागते, यावरून अंदाज करावा. हेडमास्तरांनी तलाव सोडला तेव्हा पाणी सत्तावीसवर होते. त्यांनी सूर मारला तो एकोणिसात. मधले आठ अंश आम्ही सहाजण तीन महिन्यांत एकेक पायरीने उतरलो होतो. त्यांनी ते एका क्षणात उतरले.

एकोणीस अंश म्हणजे काही बर्फ नव्हे, असे वाचक म्हणतील. हवेत नव्हेच. पुण्याचा पारा १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंशांपर्यंत उतरला होता. त्यापुढे एकोणीस म्हणजे वसंत ऋतू. पण पाणी अंगाची उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने वाहून नेते. ज्या हवेत आपण सदऱ्यावर फिरतो, त्याच तापमानाच्या पाण्यात दात वाजायला लागतात ते यामुळे.

आता त्या पहिल्या मिनिटाविषयी. कातडीला एकदम गार पाणी लागले, की इच्छा असो वा नसो, माणूस आ करून एक मोठा श्वास आत ओढतो. पौषात गीझर बंद पडलेला असावा आणि डोक्यावर पहिला तांब्या ओतावा, म्हणजे तोंडातून जो ‘हाऽ’ निघतो, तोच हा. न्हाणीघरात त्या ‘हाऽ’बरोबर हवा आत जाते. डोके पाण्याखाली असताना तो आला, तर पाणी आत जाते. त्याच्या मागोमाग श्वास भराभर होऊ लागतो, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदय धावायला लागते. डॉक्टर लोक याला ‘कोल्ड शॉक’ म्हणतात. पाणी पंधरा अंशांच्या खाली गेले की याचा तडाखा जबरदस्त असतो, पण पंचविसाच्या खाली तो थोडाथोडा सुरू झालेला असतोच. पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत जोरात, आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. शिवाय चेहरा गार पाण्यात बुडाला की शरीर हृदयाला नेमका उलटा हुकूम सोडते. कातडी म्हणते, धाव. चेहरा म्हणतो, सावकाश. धडधाकट हृदय हा घोळ निभावून नेते. ज्याचे आधीच काही बिघडलेले आहे, त्याचा ठेका चुकू शकतो. म्हणून रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या माणसाने थंडीत पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि विचारताना ‘पोहू का?’ असे मोघम न विचारता ‘एकोणीस अंशांच्या पाण्यात पोहू का?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सगळेच डॉक्टर ‘जरूर’ म्हणतात.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती मे महिन्यात खरी आहे. मराठीने पाण्याकडे जाण्याची इतकी क्रियापदे करून ठेवली आहेत: पडणे, उडी टाकणे, सूर मारणे, मुटका मारणे, बुडी मारणे. यातले थंडीत चालणारे एकच, आणि तेच सर्वांत बेचव आहे. उतरणे. शिडीने उतरावे. उथळ बाजूने उतरावे. आधी पाय, मग गुडघे. ओंजळीने पाणी घेऊन मनगटांवर, मानेवर, तोंडावर मारावे. कमरेपर्यंत गेल्यावर थांबावे. या वेळी श्वास आत घेण्याची चिंता करू नये, तो आपोआप येतो. बाहेर सोडण्याकडे लक्ष द्यावे. बशीतल्या चहावर घालतो तशी लांब फुंकर घालावी. मग खांदे बुडवावेत. आमच्या दंतवैद्यांची एक युक्ती मला फार आवडते. ते खांद्यापर्यंत पाण्यात उभे राहून मोठ्याने बेचा पाढा म्हणतात. ‘बे दाहे वीस’पर्यंत न अडखळता गेले की पोहायला लागतात, ‘बे चोक’ला धाप लागली तर तिथेच उभे राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला पन्नाशीचा मनुष्य पाण्यात उभा राहून बेचा पाढा घोकतो आहे हे चमत्कारिक दिसते खरे, पण ही परीक्षा चोख आहे. आणि एखादा पाय घसरून पडलाच, तर लगेच हातपाय मारू नयेत. पाठीवर वळून नुसते तरंगत राहावे, श्वास ताब्यात येईपर्यंत. ब्रिटनमध्ये समुद्रावरून माणसे वाचवणारी आर. एन. एल. आय. ही जुनी संस्था लोकांना हेच शिकवते.

यातली समाधानाची गोष्ट अशी, की शरीराला ही शिकवण लवकर लागते. इंग्लंडातल्या पोर्टस्मथ विद्यापीठात प्रा. माइक टिप्टन यांनी या विषयाचा जन्मभर अभ्यास केला. त्यांच्या मंडळींना असे आढळले, की दोन-तीन मिनिटांसाठी पाच-सहा वेळा गार पाण्यात जाऊन आले, की तो पहिला तडाखा जवळजवळ निम्म्यावर येतो; आणि सवय मोडली तरी तिचा काही अंश महिनोन् महिने राहतो. तेव्हा दिवाळीनंतरही जो रोज जात राहतो, त्याला हिवाळा कधी आला हे फारसे कळत नाही. धोका आहे तो मधेच सोडून मधेच येणाऱ्याला. १ जानेवारीला आमच्या तलावावर नव्या वर्षाचे संकल्प घेऊन काही मंडळी येतात. चेहऱ्यावर निर्धार, अंगात नवी कोरी चड्डी, आणि मागे मोबाइलवर चित्र घ्यायला एक मित्र. चित्र चांगले यायचे तर उडीच हवी, शिडी चालत नाही. त्या दिवशी जीवरक्षक चहाला जात नाही.

पहिले मिनिट निभावले की पाणी एकदम मायाळू वाटायला लागते. इथून पुढे दुसरी गोष्ट सुरू होते, आणि ती सावकाश होत असल्यामुळे लबाड आहे. माझा धंदा शब्दांचा असल्यामुळे मला असे वाटते, की थंडी मोजायला मराठी माणसाला तापमापकाची गरजच नाही. आधी येतो तो शहारा. अंगावर काटा येतो, तेवढेच. त्याला भिऊ नये. मग हुडहुडी. मग माणूस कुडकुडतो, म्हणजे स्नायू आपण होऊन हलायला लागतात आणि हालचालीतून ऊब तयार करतात. पाण्यात कुडकुडायला लागले की त्या दिवसाचे पोहणे संपले, असे मी धरतो. पुढे मनुष्य काकडतो. बोटे ताठरतात, जीभ जड होते. त्यानंतर येते ती बधिरता, आणि तिच्यात सर्वांत वाईट असे की तिथे गार लागणे थांबते. ‘आता बरं वाटतंय, अजून दोन फेऱ्या मारतो’ असे काकडलेला मनुष्य म्हणाला, तर त्याच्याशी वाद न घालता त्याला हाताला धरून बाहेर काढावे.

आपल्यालाच हे ओळखता यावे म्हणून दोन सोप्या खुणा आहेत. एक म्हणजे हात मोजणे. मला तलावाची एक लांबी जायला बावीस हात लागतात. तीच लांबी सत्तावीस हातांत व्हायला लागली, की समजायचे, हात आखूड पडू लागले आणि अंग पाण्यात आडवे राहण्याऐवजी उभे होऊ लागले. थंड पाण्यात पोहणारा थकतो तो असाच. दम संपण्याआधी हातच ऐकेनासे होतात. दुसरी खूण, अंगठा करंगळीला टेकवून पाहणे. टेकेना, तर शिडी गाठावी. कारण शिडीची दांडी धरायलाही हीच बोटे लागणार आहेत. ‘जितके अंश तितकी मिनिटे’ असा एक हिशेब पोहणाऱ्यांत चालतो. तो शास्त्राने सिद्ध केलेला नाही. सवयीच्या आणि बऱ्यापैकी भरल्या अंगाच्या माणसाला वरची मर्यादा म्हणून ठीक. सडसडीत माणसाने त्याला भुलू नये. आमचे किराणा दुकानदार जानेवारीतही अर्धा तास सहज पोहतात, कारण त्यांच्या अंगावर निसर्गाने चांगला चार बोटांचा कोट चढवला आहे. उन्हाळ्यात त्याची आम्ही थट्टा करतो. पौषात हेवा.

बाहेर आल्यावर बहुतेकांना वाटते, जिंकलो. प्रत्यक्षात शरीराच्या आतले तापमान त्यानंतरही काही वेळ, दहा मिनिटे, कधी अर्धा तास, उतरतच राहते. गार पडलेल्या हातापायांची आणि कातडीची थंडी आत झिरपत जाते. म्हणून पोहून वर आल्यावर दहा मिनिटांनी जी हुडहुडी भरते, ती पाण्यातल्यापेक्षा मोठी असते. या दहा मिनिटांत काठावर ओल्या पंचात उभे राहून राजकारणावर चर्चा करण्याची पुण्यात प्रथा आहे. ती बंद व्हावी अशी माझी नम्र सूचना आहे. आधी धड कोरडे करावे, लगेच बनियन आणि स्वेटर, डोक्याला टोपी, मग खालचे कपडे, मग मोजे. कपडे निघायच्या आधीच याच क्रमाने ठेवावेत, कारण त्या वेळी शर्टाची गुंडी लावणे हे सुईत दोरा ओवण्याइतके कठीण होते. मग गोड, ऊन चहा. लगेच कढत शॉवरखाली उभे राहू नये. आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब खाली येतो आणि उभ्याउभ्या भोवळ येऊ शकते. आणि स्कूटर! पुण्यातला पोहणारा ओल्या केसांनी स्कूटरवर बसतो आणि सकाळी सातच्या वाऱ्यात निघतो. बधिर बोटांना ब्रेक किती दाबला गेला हे कळत नाही. तलावावर एवढी काळजी घेऊन वाचलेला जीव पहिल्याच चौकात कशाला घालवायचा? वीस मिनिटे बसावे. आमचा अड्डा आता पूर्ण कपड्यांत, उन्हाच्या बाजूच्या बाकावर भरतो.

तेलाविषयी मला हमखास विचारतात. अंगाला तिळाचे तेल चोळून पाण्यात उतरले की थंडी बाधत नाही, असा पुष्कळांचा विश्वास. इंग्लिश खाडी पोहणारे लोक अंगाला चरबी फासतात, हा त्याचा आधार. १८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेब याने ती खाडी पहिल्यांदा पोहून पार केली तेव्हा त्यानेही अंगाला पॉर्पस नावाच्या जलचराचे तेल लावले होते. पण असल्या लेपाचा खरा उपयोग काखेत, मानेशी कातडी घासून सोलवटू नये एवढाच. ऊब त्याने राहत नाही. आपल्याकडचे मिहिर सेन २७ सप्टेंबर १९५८ रोजी ती खाडी १४ तास ४५ मिनिटांत पार करून गेले, आणि पुढच्याच वर्षी २९ सप्टेंबर १९५९ रोजी आरती साहा १६ तास २० मिनिटांत. एवढ्या तासांत त्यांना थंडीपासून सांभाळले ते सवयीने आणि अखंड हात मारण्याने. तेलाचा तोटा मात्र नक्की आहे: शिडीची दांडी निसटते आणि तलावाचे पाणी तेलकट होते. दुसरे एक ‘औषध’ बँकवाल्यांचे एक पाहुणे छोट्या बाटलीतून घेऊन आले होते. त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, माणसाला ऊब आल्याचा भास होतो आणि आतली उष्णता दुप्पट उत्साहाने बाहेर पडते. शिवाय अक्कल जाते ती वेगळीच. त्या पाहुण्यांना आम्ही काठावरच बसवून ठेवले.

काही माणसांनी मात्र या वाटेला जाऊच नये. गार पाणी लागताच ज्यांच्या अंगावर गांधी उठतात त्यांनी तर नाहीच. सगळे अंग एकदम पाण्यात गेले तर त्यांची शुद्ध हरपण्यापर्यंत मजल जाते. दमेकऱ्यांनी डॉक्टरांखेरीज कुणाचा सल्ला ऐकू नये. आणि पोरांनी भराभर खोल श्वास घेऊन पाण्याखालून एका दमात लांबी जाण्याच्या पैजा लावू नयेत, थंडीत तर नाहीच पण उन्हाळ्यातही. त्या भराभर श्वासांमुळे ‘आता वर ये’ असे सांगणारी शरीराची घंटा उशिरा वाजते आणि मुलगा आतल्या आत, गुपचूप, बेशुद्ध पडतो. आणखी एक. ओस तलावावर एकट्याने पोहणे ज्यांना काव्यमय वाटते, त्यांनी काठावर बसून काव्य करावे. थंडीत माणसे कमी म्हणून जीवरक्षकही कमी करण्याची वृत्ती असते. पास काढताना ‘सकाळी पाण्यावर लक्ष ठेवायला कोण असणार?’ हे आधी विचारावे.

हे सगळे मी आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर सविस्तर मांडले. कॉलेजात पंचेचाळीस मिनिटांची सवय असल्याने जरा लांबले असेल. सौभाग्यवतींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एकच विचारले, “हे मोठ्यांचं झालं. हिचं काय?”

प्रश्न बरोबर होता. लहान मुलाचे वजन कमी आणि त्या मानाने कातडी जास्त. त्यातून आमची कन्या म्हणजे नुसता सांगाडा. मोठा माणूस वीस मिनिटांत गारठतो तिथे ती दहांत गारठणार. आणि मुले खेळात असली की गार वाटते आहे हे कबूल करत नाहीत. त्यांचे ओठ जांभळे होतात आणि तोंड ‘अजून एकदाच’ म्हणत असते. ओठ पाहायचे, तोंडाचे ऐकायचे नाही. पण पाण्यात मी असताना तिचे ओठ सतत कोण पाहणार? माझे डोके अर्धा वेळ पाण्याखाली असते.

“पहाटेच कशाला जायचं पण?” सौभाग्यवती म्हणाल्या. “पाणी सगळ्यात गार केव्हा असतं?”

मी वही मागवून घेतली होती. सगळ्यात गार, सूर्योदयाच्या सुमारास. दुपारी तीनच्या सुमारास वरचे हातभर पाणी दीड-दोन अंशांनी चढलेले असते, अंगावर ऊन असते, आणि बाहेर आल्यावर वारा झोंबत नाही. व्यायाम पहाटेच केला पाहिजे, ही समजूत आपल्यात कार्तिकस्नानापासून चालत आली असावी. पुण्य मिळवायचे असेल तर ब्राह्ममुहूर्त ठीक आहे, पण हृदयाला आणि हातापायांना त्या मुहूर्ताचे काही विशेष वाटत नाही. हेडमास्तरांना त्यांच्या डॉक्टरांनी यंदा अटीवर परवानगी दिली आहे: दुपारचे पाणी, शिडीने उतरणे, सूर बंद. सूर बंद झाल्याचे त्यांना फार लागले आहे.

“तीन वाजता तर बायकांची वेळ असते,” सौभाग्यवती म्हणाल्या.

असते खरी. ज्याने कुणी ही वेळ ठरवली, त्याने सकाळ-संध्याकाळ पुरुषांना देऊन उरलेली आडवेळ बायकांना दिली, आणि न कळत तलावातले सर्वांत ऊबदार पाणी त्यांच्या पदरात टाकले.

सौभाग्यवती सातारा जिल्ह्यातल्या. पाठीला भोपळा बांधून त्या विहिरीत पोहायला शिकल्या, तेव्हा मी गावातल्या तलावावर पत्र्याचा डबा बांधून काठ धरून उभा असे. लग्नानंतर त्यांनी पाण्यात पाऊल टाकलेले मला आठवत नाही. परवा तलावाच्या कचेरीतून आणलेले दोन फॉर्म टेबलावर दिसले. एकावर कन्येचे नाव, दुसऱ्यावर त्यांचे. शनिवार-रविवार, दुपारी तीन. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे, पुढे दहापर्यंत. मुलीने बेचा पाढा म्हटल्याखेरीज डोके बुडवायचे नाही. आणि ओठांबाबत आईचा निर्णय अखेरचा. हे सगळे कन्येने वहीच्या पाठपृष्ठावर लिहून खाली सही केली आहे. फक्त पाढा बेचा नको, एकोणिसाचा चालेल का, असे तिने विचारले आहे. तिच्या आईचा अजून विचार चालू आहे.